हेडसेट आत्याच्या डोक्यावर, रिव्ह्यू बाजूला उभी राहणारीचा

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर घालून आभासी जगात फिरायचं यंत्र, घ्यायच्या आधी मी रिव्ह्यू वाचून वाचून डोकं उठवून घेतलं होतं. लेन्स कुठली, रिझोल्युशन किती, गेम कुठले, सगळं पाठ. पण ते सगळे लिहिणारे म्हणजे स्वतः हेडसेट घालून बसलेले लोक. हेडसेट दुसऱ्याच्या डोक्यावर आहे आणि आपण बाजूला उभं राहून "आता ते बटण दाब, ते नाही गं, खालचं" करतोय, त्या माणसासाठी हे यंत्र कसं आहे हे एकानेही लिहिलेलं नाही. आणि घरात हेडसेट एक, माणसं चार, म्हणजे निम्मा वेळ तर हेच चालतं. तर हा त्या बाजूला उभ्या राहणाऱ्या माणसाचा रिव्ह्यू आहे, ग्राफिक्स वगैरे वाचायला आला असाल तर इथे फार काही मिळणार नाही.

मॉडेलचं नाव मुद्दाम घेत नाही, नाव घेतलं की ब्रँडवरून वाद सुरू होतो आणि माझं जे म्हणणं आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्याच स्टँडअलोन हेडसेटला लागू आहे. कॉम्प्युटर लागत नाही, वजन अर्धा किलोच्या आसपास, सिक्स डॉफ, म्हणजे नुसतं डोकं वळवलेलंच नाही तर वाकलात, एक पाऊल पुढे गेलात तरी त्याला कळतं. सहा महिने झाले. मी स्वतः एकूण दहा तास घातला असेल नसेल, बाकी सगळा वेळ दुसऱ्यांच्या डोक्यावर, आणि त्यातही सगळ्यात जास्त आत्याच्या.

आत्या 67 वर्षांची, गुडघे दुखतात, पण डोकं कडक. सुनीता विल्यम्स 2024 च्या जूनमध्ये आठवड्याभरासाठी म्हणून स्पेस स्टेशनवर गेल्या आणि मार्च 2025 मध्ये परत आल्या, ते 286 दिवस आत्याने जवळजवळ रोज फॉलो केले. तेव्हापासून तिला ते स्टेशन आतून बघायचं होतं. मी म्हणलं दाखवते की, त्यात काय. त्यात काय ते पुढे वाचा.

पहिली अडचण आली ती ॲप उघडायच्याही आधी. आत्याने हेडसेट घातला आणि म्हणाली धुरकट दिसतंय. मी फोनवर कास्ट लावलेलं होतं, म्हणजे तिला आत जे दिसतंय ते मला फोनवर दिसतंय, आणि माझ्या फोनवर सगळं एकदम चकाचक. म्हणून मी चांगली पाच मिनिटं "अगं क्लिअर तर आहे, मला दिसतंय ना" असं तिलाच समजावत बसले! नंतर डोक्यात प्रकाश पडला, की फोनवर येतं ते यंत्राने तयार केलेलं चित्र, ते नेहमीच क्लिअर असणार. तिच्या डोळ्यांना जे दिसतंय ते लेन्समधून येतं आणि लेन्स तिच्या नाकावर कशी बसलीये हे फोनला कुठून कळणार. दोन बुबुळांमधलं अंतर, ज्याला आयपीडी म्हणतात, ते मोठ्या माणसांत सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं, पण आत्याचं त्याहून बरंच कमी आहे आणि हेडसेट माझ्या मापाला लावलेला होता. वर तिचा चष्मा, त्याच्यासाठी आत जो स्पेसर बसवावा लागतो तो खोक्यातच पडलेला. स्पेसर लावला, लेन्स जवळ आणल्या, मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली ओढला (बहुतेक लोक तो वर ठेवतात, मग सगळं वजन गालांवर येतं आणि हेडसेट हळूहळू नाकावरून घसरायला लागतो), तेव्हा कुठे बाई म्हणाल्या, "हां, आता वाचता येतंय." तेव्हापासून मी कुणालाही "नीट दिसतंय का" असं विचारतच नाही. लोक भिडेखातर हो म्हणतात. मेनूमधली सगळ्यात बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवायला सांगते, वाचता आली तरच पुढे.

दुसरी गोष्ट, आणि हिचा मला अजून राग आहे. दोन्ही लेन्सच्या मधे एक सेन्सर असतो, हेडसेट डोक्यावर आहे का हे ओळखायला. तुम्ही स्वतः घालून सगळी तयारी करता, ॲप उघडता, बरोब्बर जागेवर नेऊन ठेवता, आणि मग काढून समोरच्याला देता. मधल्या पाच सेकंदात तो झोपतो. समोरच्याने घातला की जागा होतो आणि मग कधी मोकळ्या जागेची हद्द परत आखायला सांगतो, कधी मेनू भलत्याच उंचीवर, तर कधी चक्क पाठीमागे. आत्या समोर बघत बसायची, "काही नाहीये गं इथे, नुसता अंधार," आणि मेनू आपला तिच्या मागे. काही लोक त्या सेन्सरवर चिकटपट्टी लावतात म्हणजे तो झोपतच नाही, मी पण लावून बघितली, उपाय चालतो पण मग काढून ठेवलेला हेडसेट चालूच राहतो आणि बॅटरी, जी मुळात जेमतेम दोन तास टिकते, ती खलास. शेवटी मी आत्याला एकच बटण शिकवलं, उजव्या हातातलं गोल चपटं, ते दाबून धरलं की समोरचं जग परत समोर येतं. बाकी काही आलं नाही तरी चालेल, हे एवढं आलंच पाहिजे. पहिल्या दिवशी हे शिकवलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

कंट्रोलरचं पण असंच. आपण म्हणतो "ए बटण दाब", पण हेडसेट घातलेल्या माणसाला ते ए बटण कुठे दिसतंय, काही ॲपमध्ये कंट्रोलरच्या जागी नुसते हात दिसतात आणि त्या हातांवर बटणं नसतात. म्हणून हेडसेटच्या आधी कंट्रोलर हातात द्यायचे, उघड्या डोळ्यांनी बघू द्यायचे, मनगटातले पट्टे घालायचे आणि बटणांची नावं विसरून बोटांची नावं घ्यायची. "पहिल्या बोटाने चाप ओढ" म्हणजे ट्रिगर, "मधल्या बोटाने मूठ आवळ" म्हणजे ग्रिप, "अंगठ्याने दांडी ढकल". आत्याला हे दोन मिनिटात जमलं. पट्टे घालायचे हे मी परत एकदा लिहितेय कारण दुसऱ्याच दिवशी एका ॲपमध्ये आतल्या टेबलावर आत्याने कंट्रोलर ठेवला. म्हणजे तिला समोर टेबल दिसत होतं, छान लाकडी, तिने एकदम सहज हात पुढे केला आणि सोडला. टेबल नव्हतंच. पट्टा होता म्हणून कंट्रोलर मनगटाला लोंबकळत राहिला. मग तिने त्याच टेबलाला टेकायचा पण प्रयत्न केला, तेव्हा मात्र मी धावले आणि धरलं, आणि ती केवढ्याने ओरडली! तिला तर मी तिथे नव्हतेच ना, रिकाम्या खोलीत अचानक कुणीतरी दंड धरला. "हात लावायच्या आधी बोलत जा गं बाई, जीव गेला असता माझा." तो नियम झाला. आधी आवाज, मग हात. आणि गुडघेवाल्या माणसाला उभं करायचंच नाही, सरळ फिरती खुर्ची द्यायची. चाकांची नको, नुसती जागच्या जागी गोल फिरणारी.

आता येते मुख्य फीचरवर, कास्टिंग. खोक्यावर लिहिलेलं असतं की आतलं दृश्य फोनवर, टीव्हीवर दाखवा, सगळे मिळून मजा घ्या. मजा घ्यायला ठीक आहे, गाईड करायला अर्धवट आहे. एक म्हणजे उशीर. माझ्याकडे एक ते दीड सेकंद लागतो, राउटर त्याच खोलीत आणि 5 गिगाहर्ट्झवर असेल तर जरा कमी. दीड सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण आत्या मान वळवतेय, मला फोनवर खिडकी दिसली, मी म्हणलं "हां, तीच बघ, समोर!", तोपर्यंत तिच्या समोर कपाट आलेलं. "हे कपाट बघू?" परत मागे वळ, परत मी उशिरा, परत पुढे गेली. विहिरीत बादली हेलकावे खाते तसं आमचं पाच मिनिटं चाललं होतं. त्यावर उपाय म्हणजे कास्ट बघून बोलायचंच नाही, खऱ्या आत्याकडे बघून बोलायचं. तिची मान कुठे वळलीये ते तर डोळ्यांना लगेच दिसतंच की. फोन फक्त ती कुठल्या खोलीत आहे, कुठला मेनू उघडलाय एवढ्यासाठी.

दोन, कास्टवर दिसतं ते तिच्या एका डोळ्याचं दृश्य आणि तेही कडा कापून. म्हणजे तिला कडेला काहीतरी दिसतंय जे मला दिसतच नाहीये, आणि ती विचारते "हे डावीकडे लाल लाल काय आहे", मी म्हणते लाल काहीच नाहीये, आणि दोघीही खऱ्या. तीन, हद्दीची जाळी. मोकळ्या जागेच्या कडेला गेलं की तिला जाळी दिसते, माझ्या कास्टवर ती येतच नाही, म्हणजे जिला बाहेरून सावध करायचंय तिलाच धोक्याची खूण दिसत नाही, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं देव जाणे. चार, टीव्हीवर मोठं करून बघाल तर दुसऱ्याची मान हलतेय आणि आपण स्थिर बसलोय, दहा मिनिटात आपल्यालाच गरगरतं. फोनवर छोटं बघितलेलं बरं.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, ती म्हणजे स्पीकर. हेडसेटचे स्पीकर पट्ट्यातच आहेत, कान उघडे राहतात, म्हणून माझा आवाज तिला नीट जातो. कान पूर्ण झाकणारे हेडफोन चांगल्या आवाजासाठी लोक वेगळे लावतात, गाईड करणार असाल तर अजिबात लावू नका. आणि ॲपमध्ये निवेदन चालू असेल तेव्हा आपण गप्प बसायचं. सांगायला सोपं आहे, मला महिना लागला.

दिशा सांगणं हा तर वेगळाच विषय. "इथे", "तिथे", "ते बघ ना", हे शब्द रद्दी आहेत, तिला माझं बोट दिसतच नाही तर "तिथे" म्हणजे कुठे. डावं-उजवं पण फसतं, कारण मी तिच्या समोर तोंड करून उभी राहायचे आणि घाईत माझं उजवं तिला सांगायचे. शेवटी मी तिच्या मागे, त्याच दिशेला तोंड करून उभं राहायला लागले आणि घोटाळे निम्म्याने कमी झाले. मग मी घड्याळाची पद्धत काढली, जी न दिसणाऱ्या माणसांना सोबत करताना वापरतात, समोर म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, पाठ म्हणजे सहा. पहिल्यांदा मी म्हणलं "आत्या, दोन वाजता बघ," तर ती म्हणाली "एवढा वेळ बसायचंय का मला?" पण एकदा समजल्यावर ती इतकी तरबेज झाली की आता मलाच म्हणते, अडीच वाजता आहे, दोन नाही.

फक्त घड्याळ तिच्या नाकाला बांधलेलं आहे हे लक्षात ठेवायचं, खोलीला नाही. ती वळली की बारा पण वळले.

आणि मग ते स्पेस स्टेशन. ॲप खरंच सुंदर आहे, आत तरंगत तरंगत फिरायचं, भिंतीवरचे दांडे मुठीत पकडून स्वतःला पुढे ओढायचं. आत्या पहिल्या दांड्याला धरून पुढे सरकली आणि अशी हसली की मी व्हिडिओ काढायचा विसरले. पण माझी सगळी शिकवणी तिथे पाण्यात. मी म्हणलं वर बघ, तर ती म्हणते "वर म्हणजे? मी सरळ आहे की उलटी तेच कळेना मला." खरंच होतं, एका दांड्याला हिसका बसून तिची आतली गिरकी झाली होती, तिच्या पायाखाली छताचे दिवे होते. तरंगताना वर-खाली असं काही नसतंच, खऱ्या स्टेशनवर पण म्हणूनच भिंतींना ठरवून नावं दिलेली आहेत, कुठली बाजू जमीन धरायची, कुठली छत, पुढे कुठलं, मागे कुठलं, आणि तशा पाट्याही असतात. आम्ही मग वस्तूंवर आलो. "निळा दांडा दिसतोय? त्याच्या शेजारी पांढरी पिशवी? पिशवीकडून गोल दाराकडे." जी वस्तू तिने स्वतः मोठ्याने म्हणली तीच पुढच्या सूचनेत वापरायची, मला दिसणारी नाही.

तिला कपोला बघायचा होता. सात खिडक्यांचा तो घुमट, 2010 मध्ये बसवलेला, मधली गोल खिडकी 80 सेंटीमीटरची, पृथ्वीकडे तोंड करून. तिथे पोचायला आम्हाला पंधरा-वीस मिनिटं लागली, एकदा चुकून भलत्याच मोड्यूलमध्ये, म्हणजे स्टेशनच्या दुसऱ्याच भागात, जाऊन परत आलो. आणि पोचल्यावर ती एकदम गप्प झाली. मी मूर्खासारखी आनंदात, मला वाटलं भारावलीये, खाली निळी पृथ्वी फिरतेय, दीड तासात एक चक्कर, मी आपली माहिती सांगतेय दिवसाला सोळा सूर्योदय वगैरे. मग बघितलं तर तिच्या कपाळावर घाम आणि ती आवंढे गिळतेय.

हे बाजूला उभं राहणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायला पाहिजे, आणि कुठल्याच मॅन्युअलमध्ये बाहेरच्या माणसासाठी लिहिलेलं नसतं. डोळे सांगतात आपण हलतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय, दोघांचं जुळत नाही आणि मळमळायला लागतं. ते मीटरवर कुठे दिसत नाही, कास्टवर तर नाहीच नाही. माणूस बोलता बोलता गप्प होतो, एका शब्दात उत्तरं द्यायला लागतो, ओठांचा रंग उतरतो, घाम येतो. त्या क्षणी "काढ काढ" म्हणून हेडसेट ओढायचा नाही, त्यात ती गडबडते आणि आतलं चित्र अजून जोरात हलतं. आधी "डोळे मिट," मग खांद्यावर हात (सांगून!), मग हेडसेट. आत्याला अर्धा तास आडवं व्हावं लागलं आणि माझ्या आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "थोडं सहन केलं की सवय होते" हे जे लोक सांगतात ना, त्यांचं ऐकू नका. सवय होते, पण सहन करून नाही, त्रास सुरू व्हायच्या आधी थांबून. आम्ही आता दहा मिनिटांचा टायमर लावतो. आणि जिथे सरकत जायच्या ऐवजी टेलिपोर्ट करून, म्हणजे एका जागेवरून टुणकन दुसऱ्या जागेवर, जाता येतं तिथे तेच लावतो, वळणंसुद्धा सलग न घेता टप्प्याटप्प्याने. दिसायला ते तुटक वाटतं, पण पोटाला बरं. स्पेस स्टेशन मात्र सरकतच बघावं लागतं, म्हणून ते हप्त्याहप्त्याने बघितलं. कपोल्यात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती एक दांडा धरून नुसती स्थिर राहिली आणि खाली समुद्रावरचे ढग बघत बसली. मी तोंड उघडलं नाही.

आता गंमत ऐका. तिसऱ्या आठवड्यात एका अपडेटनंतर कास्टिंगच बंद पडलं. जोडायचं, दोन मिनिटं चालायचं, फोनची स्क्रीन काळी. पहिल्यांदा मी वैतागले, पण आत्या आत अडकलेली होती आणि फिरायचं होतं तिला, तर मी म्हणलं तूच सांग आता काय दिसतंय. आणि काय सांगू, तो दिवस आमचा सगळ्यात चांगला गेला. ती सांगत होती, "समोर लांब बोळ आहे, डाव्या हाताला लॅपटॉप चिकटवलाय भिंतीला, त्याच्यावर काहीतरी हिरवं चाललंय," आणि मी फक्त विचारत होते, लॅपटॉपच्या पुढे काय, दार गोल आहे की चौकोनी. कास्ट असताना ती बोलतच नव्हती, कारण मला दिसतंय हे तिला माहीत होतं. आणि मी सतत हुकूम सोडत होते. दिसत नाही म्हणल्यावर दोघींना एकमेकींचं ऐकावं लागलं.

नंतर कळलं की या कल्पनेवर एक अख्खा गेमच आहे, 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स', 2015 चा. हेडसेटवाल्याला समोर बॉम्ब दिसतो पण तो निकामी कसा करायचा ते माहीत नाही, बाहेरच्यांकडे 23 पानांचं मॅन्युअल असतं पण त्यांना बॉम्ब बघायची बंदी. सगळं नुसतं बोलून. गाईड व्हायची प्रॅक्टिस पाहिजे असेल तर याच्यासारखा मास्तर नाही, मॅन्युअल फुकट मिळतं, प्रिंट काढा. माझ्या भावाने आणि मी पहिले सात बॉम्ब उडवले. आठव्याला आम्हाला कळलं की आम्ही दोघं "ते चिन्ह" म्हणत होतो आणि दोघांच्या डोक्यात चिन्ह वेगळं होतं.

दोन हेडसेट असतील तर? हा प्रश्न मला पण पडला, मैत्रिणीचा पंधरा दिवस उसना आणला. दोघी एकाच आभासी खोलीत, तिचा अवतार, माझा अवतार, मी लेझरने बोट दाखवू शकते, ती बघू शकते. "तिथे" हा शब्द परत कामाचा झाला! आत्याचं पहिलं वाक्य: "तुझे पाय कुठे गेले?" पाय नव्हते, त्या ॲपमध्ये अवतार कमरेपर्यंतच. पण एकाच खऱ्या खोलीत बसून हे करू नका. माझा अवतार तिच्या उजवीकडे आणि मी खरी बसलेली डावीकडे, म्हणजे आवाज एकदा खऱ्या कानाने डावीकडून आणि लगेच ॲपमधून उजवीकडून, परत थोड्या उशिराने, भूत बोलतंय असं वाटतं. माईक म्यूट केला तर अवताराचं तोंड बंद आणि आवाज पाठीमागून. वर दोघी हात हलवतोय आणि दोघींनाही एकमेकींचे खरे हात दिसत नाहीत, नाकावर एक बसला. मी वेगळ्या खोलीत गेले, दार लावलं, आणि सगळं एकदम सुरळीत. फक्त मग तिला घाम आलाय का हे मला दिसत नाही, म्हणून तिच्या खोलीत तिसरा माणूस लागतो. एका माणसाला स्टेशन दाखवायला तीन माणसं, असा तो हिशोब.

मला खरं तर जे पाहिजे ते पूर्वी होऊन गेलंय. गूगलचं एक्स्पिडिशन्स म्हणून होतं, 2015 ला आलं, शाळांसाठी. शिक्षकाकडे टॅबलेट, मुलांकडे पुठ्ठ्याचे व्ह्यूअर. शिक्षकाने टॅबलेटवर एखाद्या जागेवर टॅप केलं की मुलांच्या दृश्यात बाण यायचा, इकडे वळा म्हणून, आणि कोण कुठे बघतंय ते शिक्षकाला छोट्या हसऱ्या चेहऱ्यांनी दिसायचं. बस, एवढंच पाहिजे. पुठ्ठ्याच्या डब्याला जमत होतं. ते 2021 च्या जूनअखेर बंद केलं. आज माझ्याकडे त्याच्या कितीतरी पट ताकदीचं यंत्र आहे आणि बाहेरून मला आत एक साधा बाण दाखवता येत नाही. काही ॲपमध्ये गटाने फिरायची सोय आहे पण ती त्या त्या ॲपपुरती, हेडसेटमध्येच, सिस्टिममध्येच ती का नाही हे मला कळत नाही. फोन जोडलेलाच असतो ना.

किरकोळ गोष्टी पटापट. पाहुण्यासाठी वेगळा मोड असतो तो वापरा, नाहीतर आत्या चुकून तुमच्या मेसेजेसमध्ये पोचते, पोचली होती. चेहऱ्याला टेकणारा स्पंज घाम शोषतो, चार लोक घालणार असतील तर पुसता येणारं सिलिकॉनचं कव्हर घ्या. लेन्सला ऊन लागू देऊ नका, लेन्समधून ऊन आत गेलं की स्क्रीनवर कायमचा डाग पडतो, काढून खिडकीत ठेवायची सवय असेल तर मोडा. लहान मुलांना देताना कंपनीची वयाची अट बघा, ती उगाच लिहिलेली नसते.

मार्क द्यायचेच तर घालणाऱ्यासाठी पाचपैकी चार, बाजूला उभं राहणाऱ्यासाठी अडीच. अडीचमधला एक पूर्ण मार्क त्या उघड्या कानाच्या स्पीकरला. कास्टिंग दोन अपडेटनंतर आपोआप दुरुस्त झालं, पण मी आता ते मेनू शोधण्यापुरतंच लावते, पुढे फोन उलटा ठेवते. आत्याला मार्क विचारले तर म्हणाली स्टेशनला पाच, हेडसेटला तीन कारण मान अवघडते, आणि तुला साडेतीन, आधी एक होता.

हेडसेट सध्या तिच्याकडेच आहे. चार्जर माझ्याकडे राहिलाय, उद्या नेऊन द्यायचाय, दोन फोन येऊन गेले.